धारचा बर्फ, देवासचं मीठ

मे महिन्यात देवासला जाण्याची कारणं दोनच असू शकतात, लग्न किंवा मयत. आमचं तिसरंच होतं. आम्ही नवस फेडायला निघालो होतो, आणि नवस होता बर्फावरच्या हॉकीचा.

आधी माणसं सांगते. मिहिर माझ्या धाकट्या बहिणीचा, विद्याचा मुलगा. जन्म कॅनडातला, वाढ तिथलीच, वय वीस. त्या देशात लोक पायात पात्यांचे बूट घालून बर्फावर हॉकी खेळतात आणि चांगलं खेळणाऱ्याला पगार देतात. मिहिरला असा पगार सुरू झाला होता. तो पुढच्या फळीत खेळायचा, म्हणजे गोल करणं हे त्याचं काम. ‘होतकरू आहे’ असं तिथल्या पेपरात आल्याचं विद्याने फोनवर मराठी करून सांगितलं, तेव्हा मी नुसतं ‘बरं’ म्हणाले. आमच्या कोल्हापुरात गल्लीगणिक एक होतकरू पैलवान असतो. त्यातले बरेचसे पुढे म्हशी पाळतात.

आदल्या हिवाळ्यात एका दांडग्या खेळाडूने मिहिरला मैदानाभोवतीच्या फळ्यांवर आपटलं. डावा गुडघा गेला, ऑपरेशन झालं. इकडे देवासच्या माईमावशीने, म्हणजे माझ्या आईच्या पाठच्या बहिणीने, टेकडीवरच्या देवीला नवस बोलला: पोरगा पुन्हा खेळायला उतरला की त्याला घेऊन पायी वर येईन. वसंतात डॉक्टरांनी गुडघा बरा झाल्याचं सांगितलं. मिहिर रोज सकाळी बॅग घेऊन सरावाला जातो आहे असं विद्याने कळवलं. ऑगस्टात एका मोठ्या क्लबाच्या शिबिराला त्याला बोलावणं होतं. तिथे टिकला तर टिकला, नाही तर करार तिथेच संपणार होता. त्याआधी देवाचं तेवढं उरकून आण, म्हणून विद्याने पोरगा माझ्याकडे धाडला. दोन हजार तीनचा मे होता तो.

देवास

प्रवासाबद्दल न बोललेलंच बरं. इंदूरहून देवासला पोचेपर्यंत माझ्या डोक्यावरच्या ओल्या रुमालाचा पापड झाला होता. मिहिरची कपड्यांची पिशवी हलकी होती आणि दुसरी एक काळी बॅग विलक्षण जड होती. ती त्याने सबंध वाटेत उघडली नाही आणि कोणाला उचलूही दिली नाही.

माईमावशीचा मुलगा विनू फाटकात उभा होता. विनू देवासच्या एका कारखान्यात सुपरवायझर, पन्नाशीचा, पोट सुटलेला, मनाने लोणी. त्याने मिहिरला मिठी मारली आणि म्हणाला, “आओ भिया, आओ! केव्हाची वाट बघून राहिलो नं आम्ही.” माळव्यात मामाही भाच्याला भिया म्हणतो. मिहिरने हे सहज स्वीकारलं. विनूच्या मुलांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, मिहिरचंही तेच, त्यामुळे त्या तिघांचं पहिल्या दहा मिनिटांत जमलं. मराठी वाचू शकणारी मी एकटी बाजूला पडले.

सकाळी न्याहारीला पोहे आणि जिलबी. एकाच ताटात. पोह्यांत बडीशेप, वर शेव, शेवेवर जिरावण नावाचा मसाला, आणि शेजारी पाक गळणारी जिलबी. कोल्हापूरच्या माणसाने हे बघून काय करावं? मी दोन्ही वेगवेगळं खायला लागले, तर माईमावशी म्हणाली, “एकत्र खा गं शैले, काही होत नाही.” खाल्लं. काही झालं नाही. उलट दुसऱ्या दिवशी मीच जिलबी मागून घेतली, पण हे कोल्हापुरात कोणाला सांगायचं नाही.

दुपारी वीज जायची. त्या वर्षी वीज येणं हीच बातमी असायची. मग विनू आइस्क्रीमचा पॉट काढायचा, मधल्या डब्यात आमरस आणि दूध, भोवती बर्फाचे तुकडे, आणि त्या बर्फावर मुठीमुठीने खडेमीठ. दांडा फिरवता फिरवता तो मिहिरला ज्ञान देत होता. “सगळा खेळ मिठाचा आहे भिया. बिना नमक के जमेगाच नहीं.” मिहिर मान डोलवत होता. मीही डोलवत होते. तेव्हाच कोणीतरी विनूला नीट समजावून द्यायला हवं होतं.

नवस तिसऱ्या दिवशी पहाटे फेडायचा होता. आदल्या संध्याकाळी मी आणि मिहिर नुसतं पाया पडायला वर गेलो. देवासला पूर्वी दोन राजे होते, थोरल्या पातीचा आणि धाकट्या पातीचा, आणि एकाच गावात दोघांची दोन राज्यं. राज्यं गेली, पाती राहिल्या. टेकडीवर देवीही दोन, थोरली आणि धाकटी. मावशीचं सासर थोरल्या पातीतलं म्हणून नवस थोरलीचा, पण धाकटीला वाईट वाटू नये म्हणून नारळ तिलाही. माईमावशी पायथ्याशी खुर्ची टाकून बसली. उद्या चढायचंच आहे, आज कशाला, म्हणाली.

चढताना मिहिर लोखंडी कठडा धरून चालत होता. दिवसभर तापलेला कठडा, इकडे त्याला कोणी बोटही लावत नाही. मी म्हटलं, “अरे, हात भाजेल.” तो म्हणाला, “चालेल,” आणि खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळून पुन्हा धरला.

वरून गाव दिसत होतं, कारखान्यांच्या चिमण्या, पलीकडे काळी भुई. थोरलीसमोर हात जोडून आम्ही बाहेर कट्ट्यावर बसलो.

“मावशी,” तो म्हणाला, “न खेळता नवस फेडता येतो का?”

“म्हणजे रे?”

“मी खेळत नाही.”

“अरे, तू तर रोज बॅग घेऊन...”

“लायब्ररीत बसायचो.” त्याने टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली. “गुडघा ठीक आहे. मी ठीक नाही. बर्फ बघितला की मला तो फळ्यांचा आवाज येतो. मी परत पडेन असं वाटतं. ऑगस्टला मी जाणार नाही. फोन करून सांगून टाकीन.”

“आईला ठाऊक आहे?”

“नाही. तुम्ही पहिल्या.”

माझ्या तोंडाला एरवी उत्तर शोधावं लागत नाही. घरात मला फटकळ म्हणतात ते उगाच नव्हे. पण समोर बसलं होतं वीस वर्षांचं पोर, पाच वर्षांचं असल्यापासून एकच गोष्ट करत आलेलं, आणि ती सोडायची तर एका फोनवर. मला इतकं वाईट वाटलं की मी म्हणाले, “चल खाली, चहा घेऊ.” बेचाळीस डिग्रीत.

तो कठडा धरूनच उतरला. माईमावशी खालून आमच्याकडे बघत होती.

घरी पोचल्यावर तिने एकदम जाहीर केलं, “उद्याचं रहित. नवस डोळ्यांदेखत फेडायचा असतो. मी याचा खेळ बघितल्याशिवाय पायरी चढणार नाही.”

“आई, मे महिना आहे!” विनू म्हणाला. “बरफ कुठून आणायचा?”

“ते तू बघ. आणि मिहिर, तुझं हत्यार आण इकडे.”

मिहिरने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग त्याने ती काळी बॅग उघडली आणि स्केट्स काढले.

त्यावर तासभर वाद झाला. मावशीच्या घरी दसऱ्याला तलवारीची पूजा होते, हत्याराला हळदकुंकू लावल्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नाही. हे सगळ्यांना मान्य. पण विनूचं म्हणणं, “हे तर जूते आहेत आई. जूते देवघरात?” माईमावशी म्हणाली, “खाली पातं आहे नं? पातं म्हणजे हत्यार.” “वर बूट आहे नं?” “बूट म्हणजे मूठ समज.” शेवटी निकाल असा लागला की वरचा भाग पंच्यात गुंडाळायचा आणि पूजा फक्त पात्याची करायची. तसं झालं. मावशीने पात्यांना हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, आणि मिहिरला नमस्कार करायला सांगितलं.

त्याने वाकून नमस्कार केला. उठताना त्याने अंगठ्याचं नख पात्याच्या कडेवरून हलकेच ओढलं, धार बघायला. ते त्याने मुद्दाम केलं नव्हतं. मी बघितलं. मावशीनेही बघितलं असावं.

धार

विनूने धारला फोन लावला. तिथे त्याच्या बहिणीचे यजमान, दिगंबरराव. माईमावशी त्यांना जावईबापू म्हणते, विनू दाजी म्हणतो, आणि ते स्वतः फारसं काही म्हणतच नाहीत. गावाबाहेर त्यांचं बटाट्याचं कोल्ड स्टोरेज आहे. माळव्याचा बटाटा होळीच्या आगेमागे आत जातो आणि दर चढेपर्यंत थंडीत झोपून राहतो. फोनवर विनू बराच वेळ हातवारे करून बोलला. पलीकडून दिगंबरराव एवढंच म्हणाले, “लांबी-रुंदी सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो, जीपमध्ये ड्रायव्हर धरून पाच माणसं आणि माईमावशीची रजई. वाटेत मिहिर माझ्या कानात म्हणाला, “मावशी, मी नाही म्हणायला हवं ना?” मी म्हटलं, “हवं.” पण म्हणणार कोणाला? विनू पुढे बसून गाणं म्हणत होता. मुळात त्या पोराला ‘करशील का’ असं कोणी विचारलंच नव्हतं, तर नाही म्हणायला जागाच नव्हती.

धारला दिगंबररावांच्या घरी बाफले झाले. कणकेचे गोळे आधी उकडतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात, आणि तुमच्या ताटात आल्यावर त्यावर परत तूप घालतात. नको म्हटलं की माळवी माणसाला ते अजून वाढा असं ऐकू येतं. आमच्याकडे पाहुण्याला तांबड्या रश्शाने घाम फोडतात, इकडे तुपाने झोपवतात. हेतू दोन्हीकडे एकच, पाहुणा लगेच उठून जाऊ नये.

संध्याकाळी स्टोरेजला गेलो. बाहेर लूचा भाजता वारा चालला होता, कुत्री नाल्यात पाय बुडवून बसली होती, आणि आत हमाल कानटोप्या घालून फिरत होते. दाराशी दिगंबररावांनी प्रत्येकाला एकेक घोंगडी दिली. आत छतापर्यंत बटाट्याच्या गोण्या, मध्ये एक मोठी जागा मोकळी केलेली, खाली भुसा आणि गोणपाट. तेवढ्यात बर्फाच्या कारखान्यातून टेम्पो आला. लांबलचक लाद्या, तागाच्या पोत्यांत गुंडाळलेल्या. हमालांनी त्या एकीला एक लावून अंथरल्या. दिगंबररावांनी गवंडी बोलावला होता, तो पाणसळ लावून लावून बघत होता. पुढच्या लादीत फार थोडा उतार निघाला, तर त्यांनी ती उचलायला लावून खाली भुसा भरला. मग झारीने सांध्यांत पाणी सोडलं.

“रातभरात सांधे धरतील,” ते म्हणाले. माझ्या समोर त्यांचं ते तोवरचं सर्वांत लांब वाक्य.

झाली असेल दोन-तीन खोल्यांएवढी जागा. मिहिर कडेला उभा राहून बघत होता. त्याचा चेहरा त्या बर्फाच्याच रंगाचा झाला होता. आम्ही घरी जायला निघालो तर विनू म्हणाला, “तुम्ही व्हा पुढे, मी जरा आवरून येतो.” मागाहून आला तो खूश होता.

सकाळी दार उघडलं आणि दिगंबरराव थांबले. मीही थांबले. बर्फाच्या जागी राखाडी चिखल पसरला होता, त्यात लाद्यांची कुठे टोकं, कुठे कुबडं, आणि भुसा वर तरंगत होता.

दिगंबररावांनी वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

“मीठ.”

सगळ्यांनी विनूकडे बघितलं.

“दाजी,” विनू म्हणाला, “पक्कं धरावं म्हणून... एक गोणी टाकली मी. पॉटात टाकतो नं आपण?”

“पॉटात आपण मीठ बर्फावर टाकतो, विनू,” दिगंबरराव म्हणाले. “ तो वितळावा म्हणून. गोठतं ते आतलं आइस्क्रीम.”

 जन्मभर विनूने पॉट फिरवला होता. भोवतीचा बर्फ शेवटी कुठे जातो, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं, कारण सगळ्यांचं लक्ष डब्यात असतं.

माझ्या शेजारी मिहिरने श्वास सोडला. तो मला स्पष्ट ऐकू आला. सुटला होता पोरगा, आणि कोणाला काही सांगावंही लागलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही सुटले.

पण विनू एका गोणीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांत डोकं धरलं. आधी वाटलं थंडी वाजते आहे. मग कळलं, तो रडतो आहे.

“आपल्या घरातला पहिला खिलाडी,” तो म्हणत होता, “एवढ्या लांबून आला, आईचा नवस, आणि मी... मी गधा...”

“विनूमामा, अहो असू द्या,” मिहिर म्हणाला.

“असू द्या कसं? तुझा खेळ बुडवला नं भिया मी!”

मिहिर उभा राहिला. विनूकडे बघत राहिला. आपला खेळ कोणी बुडवला, हे त्या जागेत त्याला आणि मलाच नीट ठाऊक होतं. आणि त्याचा दोष पदरात घेऊन तो दुसराच माणूस रडत बसला होता. रजईत गुंडाळलेली माईमावशी मुलाचं सांत्वन करायला पुढे झाली नाही. ती मिहिरकडे बघत होती.

“तिकडे कोपऱ्यात आहे थोडा,” मिहिर शेवटी म्हणाला.

खरंच होतं. विनूने दारापासून मीठ पसरत नेलं होतं आणि शेवटच्या भिंतीपाशी गोणी संपली होती. तिथे चार-सहा लाद्या कोरड्या, शाबूत. बाजल्यापेक्षा जरा मोठी जागा. दिगंबररावांनी हमालांना खूण केली, त्यांनी अलीकडचा चिखल फावड्याने ओढून घेतला आणि लाद्यांच्या फटींत भुसा घातला.

मिहिर गोणीवर बसून स्केट्स चढवायला लागला. लेस भलत्या लांब असतात त्या बुटांच्या.  एकदा बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. मला वाटलं, जाऊन म्हणावं, राहू दे रे राजा, कशाला. पाय उचललाही होता. माईमावशीने रजईतून हात काढून माझं मनगट धरलं.

तो बर्फावर चढला. उभा राहिला. एक पाय मागे रेटला, आणि दोन लाद्यांच्या सांध्यात पातं अडकून धाडकन पडला. डाव्या गुडघ्यावर.

 विनू ‘हे भगवान’ म्हणून उठला. कॉम्प्रेसर घरघरत होता. मिहिर तसाच पडून होता, गाल बर्फाला टेकलेला. मग त्याने हात खाली नेला, गुडघा चाचपला, पुन्हा चाचपला.

“लागलं,” तो म्हणाला.

मग गुडघा वाकवून बघत, “एवढंच?”

हे त्याने कोणाला विचारलं, कोण जाणे. पण तो उठला. सांधा ओलांडायला त्याने पाऊल उचलून टाकलं, पुढच्या लादीवर घसरत गेला, भिंतीपाशी कचकन आडवा वळून थांबला, आणि पात्यांखालचा बर्फाचा भुगा उडून माईमावशीच्या रजईवर पडला. विनूने टाळी वाजवली. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही, पण कोल्हापूरच्या कुस्तीच्या मैदानात ओरडतात त्यातलंच काही असावं, कारण हमाल माझ्याकडे बघायला लागले.

“काठी आहे का?” मिहिर म्हणाला.

दिगंबररावांच्या ऑफिसात दारामागे एक जुनी हॉकी होती. माळव्यात हॉकीची काठी खेळायला कमी आणि वाद मिटवायला जास्त वापरतात. ती आली. चेंडू नव्हता, पण बटाट्यांना तोटा नव्हता. विनू लोखंडी बादली आडवी धरून चिखलात उभा राहिला. मिहिरने बटाटा काठीपुढे ठेवला, मनगट असं फिरवलं की मला ते दिसलंच नाही, आणि बादली खणाणली. विनू बादलीसकट मागे बसला, बर्फाच्या आणि मिठाच्या चिखलात.

“और एक, भिया!” तो बसल्या जागेवरून ओरडला.

लाद्या झिजेपर्यंत चाललं. दिगंबररावांनी फुटलेला एक बटाटा उचलून उजेडात धरला. “ज्योती जातीचा आहे,” ते म्हणाले. “फुटायला नको होता.” मग तो खिशात टाकला.

पुन्हा देवास

दुसऱ्या दिवशी पहाटे माईमावशी टेकडी चढली. थांबत, बसत, देवाला आणि पायऱ्या बांधणाऱ्याला सारखंच बोलत चढली. मिहिर स्केट्स गळ्यात अडकवून बरोबर होता. कुंकू अजून पात्यांवर होतं, धुवायचं नाही असं मावशीने बजावलं होतं. थोरलीला ओटी, धाकटीला नारळ. उन्हं वर येईपर्यंत सगळं आटोपलं आणि आम्ही दोघी कट्ट्यावर टेकलो. मिहिर पुढे उतरायला लागला.

“तुला कळलं कसं गं?” मी विचारलं. कारण मावशीला सगळं ठाऊक होतं, हे आता मला कळलं होतं.

“त्या दिवशी खालून बघत होते ना. मे महिन्यातला लोखंडी कठडा धरून उतरत होता पोरगा. तो पडायला भीत होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून भीती जाते होय? एकदा पडायला हवा होता, आपल्या माणसांत. म्हणून विनूला बर्फाला लावलं.”

“आणि मीठ?”

“मीठ विनूचं स्वतःचं,” माईमावशी म्हणाली. “एवढं मला नसतं सुचलं.”

पुढचं आत्ताच सांगून टाकते. ऑगस्टात मिहिर शिबिराला गेला. मोठ्या संघात त्या वर्षी घेतलं नाही, खालच्या संघात ठेवून घेतला. होतकरू आहे असं त्यांच्या लोकांनीही म्हटल्याचं विद्याने फोनवर सांगितलं. या खेपेला मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला नाही. मी तिला बटाट्याचं सगळं सांगितलं, आणि लायब्ररीचं मिहिरने तिला आधीच सांगितलं होतं.

पण ती सकाळ अजून टेकडीवरच आहे. ऊन कडक झालं होतं. मावशी उठली आणि सवयीने कठड्याकडे हात नेला, चटका बसून मागे घेतला. खालून मिहिरने बघितलं. तो दोन्ही हात मोकळे सोडून बराच खाली गेला होता. तो पायऱ्या चढून परत वर आला.

“कठडा तापलाय, आजी,” तो म्हणाला. “मला धरा.”

माईमावशीने त्याचा एक हात धरला. दुसरा मी धरला. गुडघे मलाही आहेत.